देवालयाच्या आवारातील कुंपण : छाटणीयंत्राची निवड व वापर

देवालयाच्या आवारातील मेंदी, कोरांटी व कण्हेरीचे कुंपण पावसाळ्यात झपाट्याने वाढते. छाटणी बहुधा श्रमदानाने होते, आणि यंत्र हाती घेणारा सेवेकरी सरावाचा असतोच असे नाही. म्हणून यंत्र निवडताना विश्वस्तांनी किमतीपेक्षा सुरक्षिततेचा विचार आधी करावा.

पेट्रोलचे यंत्र बलवान खरे, परंतु त्याचा धूर व गोंगाट देवालयाच्या आवारास शोभत नाही. विजेच्या तारेवरील यंत्र स्वस्त पडते. मात्र पानांत दडलेली त्याची स्वतःचीच तार कापली जाण्याचा धोका मोठा. तार खांद्यावरून पाठीमागे सोडावी, विद्युतगळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसविलेला असावा, आणि ओल्या कुंपणावर हे यंत्र मुळीच चालवू नये. आमच्या मते सुमारे ५० सेंटिमीटर पात्याचे बॅटरीवरील यंत्र अधिक योग्य. दोन्ही हातांनी दोन कळा दाबल्याखेरीज सुरू न होणारेच घ्यावे, कारण मोकळा हात नकळत पात्याकडे जातो. कळ सोडल्यावरही पाते क्षणभर चालत राहते. अडकलेली फांदी काढण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी. डोळ्यांस चष्मा व हातमोजे हवेतच. बोटाहून जाड फांद्यांस हातकरवत बरी.

कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. तिच्या छाटलेल्या फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नयेत, जाळूही नयेत, धूरही बाधतो. छाटणीपूर्वी कुंपणात बुलबुलाचे घरटे नाही ना, हेही पाहून घ्यावे. असल्यास तेवढा भाग पिले उडेपर्यंत तसाच राखावा.