डोकेदुखीची गोळी आणि आपलं यकृत

मैत्रिणींनो, लग्नघरी दोन दिवस उभ्यानं काम झालं, की डोकं ठणकायला लागतंच. मग कपाटातल्या औषधांच्या डब्याकडे हात जातो. एक गोळी घेतली, की पुन्हा ओट्यापाशी हजर! पण त्या डब्यातली प्रत्येक पट्टी आज जरा उजेडात धरून वाचा पाहू.

क्रोसिनवर पॅरासिटामॉल लिहिलेलं असतं. डोलोवरही तेच. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहेच. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही ते असतं. नावं निराळी, औषध एकच!

आता हिशेब करू. तापासाठी ६५० ची गोळी चार वेळा, म्हणजे २६०० मिलिग्रॅम. अंगदुखीसाठी कॉम्बिफ्लाम तीन वेळा, ते ९७५. सर्दीच्या गोळीत ५०० असेल आणि तीही तीन वेळा घेतली, तर आणखी १५००. बेरीज झाली ५०७५! धडधाकट माणसानंसुद्धा चोवीस तासांत ४००० च्या वर जाऊ नये.

असं का? या औषधाचा निचरा यकृत करतं. त्यात थोडं विषारी द्रव्य तयार होतं आणि यकृतातलं ग्लुटाथिऑन ते निकामी करतं. गोळ्या जास्त झाल्या, की हा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. लागोपाठचे उपास, अशक्तपणा, दारू यांनी साठा आधीच कमी झालेला असतो. म्हणून उपासाच्या दिवसांत, वजन पन्नास किलोंहून कमी असेल किंवा यकृताचं दुखणं असेल, तर किती घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारावं.

खरा धोका असा, की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी. मग बरंही वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखतं, डोळे पिवळे होतात. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत गुणकारी. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं कळताच, त्रास होत नसला तरी, रिकाम्या पट्ट्या घेऊन थेट इस्पितळ गाठा. कावीळ उतरवून घेण्यात दिवस घालवू नका.

मुलांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालायला हवं. त्यांचं औषध वयावर नव्हे, वजनावर ठरतं. पातळ औषध निरनिराळ्या ताकदींत मिळतं, जसं ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम. तेव्हा बाटली बदलली, की लेबल पुन्हा वाचा. आणि घरचा चमचा नको, सोबतचं मापच वापरा. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर २०११ पासून आपल्या देशात बंदी आहे. यकृताला अपाय होतो, हेच त्याचं एक मोठं कारण.

घाबरून जाऊ नका हं! योग्य प्रमाणात पॅरासिटामॉल चांगलं औषध आहे. फक्त दोन गोळ्यांमध्ये निदान चार तास जाऊ द्या. आणि डब्याच्या झाकणाला एक कागद चिकटवा: कोणी, कोणती गोळी, किती वाजता घेतली. दूधवाल्याचा हिशेब आपण रोज लिहितो. मग हा का नको?