विश्लेषण : ओस पडलेली ग्रीक गावे १५ ऑगस्टला पुन्हा कशी भरतात?

उत्तर ग्रीसच्या डोंगराळ भागातील अनेक गावांत हिवाळ्यात बहुतेक घरांना कुलूप असते. ऑगस्ट उजाडला की चित्र पालटते. अथेन्स, थेस्सालोनिकी, अगदी जर्मनीतूनही माणसे गावाकडे निघतात आणि १५ ऑगस्टला गावाचा चौक पहाटेपर्यंत जागा राहतो. अशा दोन गावांच्या उत्सवांना २०२२ मध्ये ‘युनेस्को’ची मान्यता मिळाली. हे उत्सव नेमके काय आहेत आणि ते टिकणे का गरजेचे आहे?

‘पनिगिरी’ म्हणजे काय?

ग्रीसमध्ये गावच्या जत्रेला ‘पनिगिरी’ म्हणतात. ‘सर्व’ आणि ‘जमणे’ अशा अर्थाच्या दोन प्राचीन ग्रीक शब्दांपासून हा शब्द बनला आहे. गावच्या चर्चमधील संताच्या दिवशी सकाळी प्रार्थना होते, संध्याकाळी चौकात लांब टेबले मांडली जातात, वादक बसतात आणि हात धरून गोल नाच सुरू होतो. वर्षभर कुठे ना कुठे पनिगिरी असतेच, पण सर्वात मोठा दिवस १५ ऑगस्टचा.

१५ ऑगस्टच का?

हा दिवस मेरीमातेच्या महानिर्वाणाचा. ऑर्थोडॉक्स परंपरेत त्याला ‘उन्हाळ्यातला ईस्टर’ असेही म्हणतात. १ ऑगस्टपासून १४ दिवस भाविक मांस आणि दूधदुभते वर्ज्य करतात. त्यामुळे १५ तारखेचे जेवण हे उपवास सोडण्याचे जेवण असते. त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि शहरे रिकामी होतात.

युनेस्कोने कोणती गावे निवडली?

पश्चिम मॅसेडोनियातील व्लास्ती आणि एपिरसमधील सिराको. मोरोक्कोतील रबात येथे झालेल्या बैठकीत या दोन्ही गावांच्या उत्सवांचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश झाला. कोलकात्याची दुर्गापूजा (२०२१) आणि गुजरातचा गरबा (२०२३) याच यादीत आहेत. व्लास्तीतील नाचाचे नाव ‘त्रानोस होरोस’, म्हणजे ‘मोठा नाच’. सिराको हे दगडी घरांचे गाव आहे. त्याच्या अरुंद गल्ल्यांत मोटारी शिरत नाहीत, त्या गावाबाहेरच ठेवाव्या लागतात.

गावे रिकामी का झाली?

ही दोन्ही गावे मेंढपाळांची. उन्हाळ्यात कळप डोंगरावर आणि थंडीत खालच्या मैदानात, असे त्यांचे वर्ष चाले. १९२२ नंतर आशिया मायनरमधून १२ लाखांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्ये आले. मैदानी जमिनी शेतीसाठी वाटल्या गेल्या आणि हिवाळी कुरणे आटली. पुढे दुसरे महायुद्ध आणि १९४६ ते १९४९ चे गृहयुद्ध यांत डोंगराळ भाग होरपळला. १९६० मध्ये जर्मनीशी कामगार करार झाला आणि तरुण कारखान्यांकडे वळले. ही गळती देशपातळीवरही दिसते. ग्रीसची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १ कोटी ८ लाख होती, ती २०२१ मध्ये १ कोटी ५ लाखांच्या आसपास आली.

या जत्रांत दुःखाचे सूर का?

एपिरसमध्ये पनिगिरीची सुरुवात अनेकदा आनंदाच्या गाण्याने होत नाही. क्लॅरिनेटवर आधी ‘मिरोलोई’ वाजते, म्हणजे विलापगीताची धून. गेलेल्यांची आठवण काढायची आणि मगच नाचायचे, असा हा रिवाज. परदेशी गेलेल्यांच्या विरहाची गाणी हा तर स्वतंत्र प्रकारच आहे. त्याला ‘क्सेनिटिया’ची, म्हणजे परदेशवासाची गाणी म्हणतात.

गावाला फायदा काय?

आयोजन बहुधा गावच्या सांस्कृतिक मंडळांकडे असते. त्यांत शहरांत राहणारे गावकरीही हिरिरीने उतरतात. इकारिया बेटावर बोकडाचे मटण आणि वाइन यांच्या विक्रीतून उरलेला पैसा रस्ता, शाळा अशा गावच्या कामांना लावण्याची पद्धत आहे. पैशाइतकेच मोल ओळखीचे. शहरात जन्मलेल्या नातवंडांना नाचाची पावले इथेच, थोरांचा हात धरून कळतात. त्यासाठी वेगळा वर्ग लागत नाही.

आव्हाने कोणती?

२०२० च्या उन्हाळ्यात करोनामुळे सरकारने पनिगिरींवर बंदी घातली, तेव्हा अनेक गावांचा वर्षातला एकमेव भरलेला दिवसही सुना गेला. दुसरीकडे इकारियासारख्या ठिकाणी पर्यटकांची गर्दी इतकी वाढली आहे, की गावकऱ्यांची जत्रा बाहेरच्यांसाठीचा कार्यक्रम बनते की काय, असा प्रश्न आहे.

मूळ प्रश्न मात्र वेगळाच आहे. युनेस्कोच्या यादीत नाव आल्याने उत्सवाला प्रतिष्ठा मिळते, निधीची वाटही सोपी होऊ शकते. पण ज्या मेंढपाळी जीवनातून हा नाच आला, ते जीवन यादीमुळे परत येत नाही. डोंगरावर रोजगार, शाळा आणि दवाखाना असेल तरच काही कुटुंबे १६ ऑगस्टनंतरही तिथे थांबतील. तोवर गाव एकत्र ठेवण्याचे काम वर्षातल्या या काही दिवसांनाच करावे लागणार आहे.