टप उतरवण्याआधी

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. तिथल्या एका शेडमध्ये मी पस्तीस वर्षं पत्र्याचं काम करतो आहे. मागच्या उन्हाळ्यात एक तरुण ट्रॉलीवर घालून जुना डॉज पिकअप घेऊन आला. गाडी त्याच्या आजोबांची, 1950च्या दशकातली. कित्येक वर्षं शेतातल्या गोठ्यात उभी होती. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या एका गाडीचं चित्र दाखवलं. तिच्या केबिनचा टप इतका खाली होता की काचा म्हणजे नुसत्या फटी. तो म्हणाला, "काका, तीन-चार इंच कापून टप खाली बसवायचा. एका दिवसाचं काम असेल की."

कापायचं काम खरंच एका दिवसाचं आहे. त्याच्यानंतर काय होतं, ते मला आज सांगायचं आहे.

टप उतरवण्याची ही हौस मूळची अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातली. तिथं कोरड्या पडलेल्या तळ्यांची सपाट मैदानं आहेत. 1930च्या दशकात तरुण मुलं जुन्या गाड्या घेऊन तिथं शर्यती लावत. गाडी उंच असली की समोरचा वारा जास्त अडतो. म्हणून त्यांनी टप कापून खाली आणले. हेतू वेगाचा होता, पुढं ती शोभाच झाली. 1952 साली तिथल्या बॅरिस बंधूंनी 1951च्या एका मर्क्युरी मोटारीचा टप पुढून चार आणि मागून सात इंच उतरवला. हिरोहाटा मर्क या नावानं ती गाडी आजही ओळखली जाते आणि तिकडे ती वारसा म्हणून जपली आहे. तेव्हा टप कापणं हे मुळातच वाईट काम, असं मी म्हणणार नाही. मात्र पुढून चार आणि मागून सात, हे आकडे लक्षात ठेवा. सगळीकडून सारखं कापून भागत नाही, हे त्यातून कळतं.

ते का भागत नाही, हे बादलीवरून समजेल. बादली पालथी घाला. ती खाली रुंद आणि वर निमुळती दिसेल. आता तिच्या मधोमध तीन इंचांचं कडं कापून काढा आणि वरचा भाग सरळ खाली आणा. तो खालच्या भागावर बसणार नाही, त्याच्या आत पडेल. जुन्या पिकअपची केबिन अशीच वर निमुळती होत जाते. खांब दर सहा इंचांना एक इंच आत झुकलेला असेल, तर तीन इंच कापल्यावर प्रत्येक बाजूला अर्ध्या इंचाचा फरक पडतो. दोन्ही बाजू मिळून एक इंच. पुढच्या आणि मागच्या खांबांचा झुकाव वेगळा असतो, त्यामुळे तिथला फरकही वेगळा.

यावर उपाय दोन. एक म्हणजे टपच मधोमध उभा-आडवा कापायचा, चार तुकडे थोडे थोडे सरकवायचे आणि मधे पत्र्याच्या पट्ट्या भरायच्या. दुसरा म्हणजे खालच्या खांबांना बुडाशी चीर देऊन ते आत झुकवायचे. पहिल्यात वेल्डिंग फार, दुसऱ्यात दरवाजाची चौकट बिघडण्याची भीती. मोटारीपेक्षा पिकअपची केबिन सोपी, कारण तिला खांब कमी. तरीही दरवाजांच्या वरच्या चौकटी तेवढ्याच कापाव्या लागतात आणि त्या पुन्हा बंद होताना सगळीकडे सारखी फट यावी लागते.

कामाचा क्रम असा. आधी बॅटरी काढायची आणि पेट्रोलची टाकी उतरवायची. त्या काळच्या बऱ्याच पिकअपना टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे असते. ती तशीच ठेवून ग्राइंडर चालवणं म्हणजे मरण ओढवून घेणं. मग काचा, रबर, सीट काढायचं. दरवाजे लावून घ्यायचे आणि केबिनच्या आत अँगलचे आडवे-तिरपे आधार वेल्ड करायचे. हे आधार नसतील तर टप सुटताच खालची केबिन फाकते आणि पुन्हा जागेवर येत नाही. त्यानंतर मापं. खांबांवर चिकटपट्टी लावून रेघा मारायच्या, ओळंबा आणि गुण्या लावून तपासायच्या, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्यायच्या.

खांब दोन पत्र्यांचा असतो, आतला आणि बाहेरचा. दोन्हींचा छेद एकाच रेषेत देऊ नये, थोडा वर-खाली द्यावा. म्हणजे सांधा एका जागी कमजोर होत नाही. गाडी उलटली तर चालकाचं डोकं या खांबांच्या भरवशावर असतं. वेल्डिंग एका दमात ओढायचं नाही. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, उष्णतेनं तो लगेच लाटा धरतो. इथं एक टाका, मग विरुद्ध बाजूला एक टाका, मग हात लावून निवला का ते बघायचं. सोलापूरच्या मे महिन्यात पत्रा निवण्याची वाट बघणं ही एक तपश्चर्याच आहे. घाई केली की वाकलेला पत्रा लांबीखाली दडवला जातो आणि दोन वर्षांत ती लांबी तडकून खपल्या निघतात.

शेवटी काचा. पुढची काच सपाट आणि दोन थरांची असेल तर जाणकार ती कापून देतो. बाजूची काच कडक केलेली असेल तर ती कापताच येत नाही, तिचा चुरा होतो. नवी करून घ्यावी लागते.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील कारखान्यानं मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019मध्ये हेच स्पष्ट केलं. 2019च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 2021 साली पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. तिच्यात अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. हे नियम खासगी दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी लिहिले आहेत, म्हणून पिकअपवाल्यानं आरटीओत आधी लेखी विचारावं. पण त्यामागचा विचार उघड आहे. जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळ रूपात असते.

त्या मूळ रूपाशी सोलापूरचंही नातं आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ल्याला 1947पासून डॉज आणि फार्गो गाड्यांची जुळणी सुरू केली. स्वतंत्र होणाऱ्या देशाचा तो मोटारधंद्यातला एक सुरुवातीचा धडा होता. त्या काळच्या किती केबिन गंजून भंगारात गेल्या, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि एक मी स्वतःच्या हातानं घालवली आहे. शेड टाकली तेव्हा मी नवा होतो, हात शिवशिवत होते. एका गिऱ्हाइकाची धडधाकट केबिन होती, कुठंही गंज नाही. आधार न देता मी तिचे खांब कापले. केबिन फाकली. दरवाजे कधीच नीट लागले नाहीत, पावसात पाणी आत यायचं. दोन वर्षांनी ते गृहस्थ म्हणाले, "पहिल्यासारखी करून द्या." मी काय करून देणार? कापलेले तुकडे तेव्हाच भंगारवाल्यानं नेले होते. पैसे परत केले, पण ती केबिन काही परत आली नाही.

म्हणून त्या तरुणाला मी लगेच होही म्हटलं नाही आणि नाहीही. केबिनमध्ये टपाच्या खाली चार इंचांवर एक प्लायवूड बांधलं आणि म्हटलं, "बस आत. अर्धा तास बस." दहा मिनिटांत तो मान चोळत बाहेर आला. डोकं फळीला लागत होतं आणि समोर बघायला वाकावं लागत होतं. मग गाडीचा फोटो मोठा छापून घेतला, टपाखालची पट्टी कात्रीनं कापली आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबा या गाडीत फेटा बांधून बसायचे."

त्या केबिनचा तळ सडला होता, तो आम्ही बदलला. टप आहे तिथंच आहे. पोराची हौस मात्र गेलेली नाही. भंगारात एखादी फुटकी केबिन मिळाली तर तिच्यावर हात साफ करायचं आमचं ठरलं आहे. ती बिघडली तरी कुणाचं काही जाणार नाही, आणि साधली तर शेडच्या दारात उभी करू. तुमच्या गोठ्यात किंवा परसात अशी एखादी गाडी असेल, तर तुम्हीही आधी एक फळी बांधून आत बसून बघा. ग्राइंडर काय, नंतरही हातात घेता येतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)