ऑफरचा मेल स्पॅममध्ये जातोय? आधी डीकेआयएम सही तपासा

यादीतल्या सगळ्या ग्राहकांना दिवाळी ऑफरचा मेल गेला, पण एकही फोन नाही. आपण लगेच ऑफरला दोष देतो. पण मेल ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये पोचला का, ते आधी बघा.

डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आपला सर्व्हर प्रायव्हेट कीने सही करतो. तिच्या जोडीची पब्लिक की आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून असते. समोरचा सर्व्हर ती घेऊन सही पडताळतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांना दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे आहेत. आपली यादी छोटी असली तरी सही करून ठेवाच.

तपासायचं कसं? स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, कॉम्प्युटरवर उघडा, तीन टिंबांवर क्लिक करून ‘शो ओरिजिनल’ निवडा. काय दिसतं त्यावरून बिघाड शोधा.

१. सहीच नाही: ओपनडीकेआयएम मूळ सेटिंगमध्ये त्याच मशीनवरून निघालेल्या मेलवर सही करतो. यादीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर असेल आणि लॉगिनशिवाय मेल देत असेल, तर त्याचा आयपी ‘इंटर्नल होस्ट्स’मध्ये टाका.

२. की सापडत नाही: सिलेक्टरचं नाव सर्व्हरवर आणि डीएनएसमध्ये एकच हवं. २०४८ बिटची की २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, म्हणून ती तुकडे करून भरावी लागते. पेस्ट करताना अर्धी तुटली नाही ना, बघा.

३. ‘बॉडी हॅश’ जुळत नाही: सही झाल्यावर कोणीतरी मजकूर बदलला. बहुतेक वेळा यादीचं सॉफ्टवेअर खाली ‘अनसबस्क्राइब’ची ओळ जोडतं. बिलावर सही झाल्यावर रक्कम बदलल्यासारखंच हे! आधी ओळ जोडा, सही सगळ्यात शेवटी.

४. डीकेआयएम पास, डीमार्क फेल: सहीतलं डोमेन आणि ‘फ्रॉम’मधलं डोमेन वेगळं आहे. ‘फ्रॉम’मध्ये आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवा.

एका वेळी एकच बदल करा, टेस्ट मेल पाठवा, मग पुढचा. सही पास झाली म्हणजे इनबॉक्सची गॅरंटी मिळाली, असं नाही. न विचारता मेल पाठवले तर ग्राहक स्पॅमचं बटण दाबणारच. आणि हो, कोणाकडे मदत मागितलीत तरी प्रायव्हेट की पाठवू नका. ती ज्याच्या हाती, त्याच्याकडे तुमच्या दुकानाची सही!