विश्लेषण : कळसूबाईवरचे घड्याळ नाशिकपेक्षा पुढे का धावते?

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, तर जिल्ह्याच्या सीमेवरचे कळसूबाई शिखर १६४६ मीटरवर. दोन्हीकडे एकसारखी अणुघड्याळे ठेवली, तर वर्षभरात शिखरावरचे घड्याळ सुमारे साडेतीन मायक्रोसेकंद पुढे गेलेले असेल. हा घड्याळातला बिघाड नव्हे. शिखरावर काळच किंचित वेगाने सरतो.

असे का होते?
आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार पृथ्वीच्या जितके जवळ, तितका काळ संथ. उंचीवर तो वेग घेतो.

एवढा सूक्ष्म फरक मोजतात कसा?
ठरावीक कंपनांचा प्रकाशच अणू शोषतो. स्ट्रॉन्शियमच्या घड्याळात ही कंपने सेकंदाला सुमारे ४२९ लाख कोटी असतात. ती मोजणे म्हणजेच वेळ मोजणे. २०२० मध्ये टोकियो स्कायट्री मनोऱ्यात ४५० मीटर अंतरावरील अशा दोन घड्याळांतला फरक मोजला गेला. २०२२ मध्ये अमेरिकेत अवघ्या एका मिलिमीटरच्या उंचीतला फरकही टिपला गेला.

आइन्स्टाइन बरोबर ठरले, मग शोध कशासाठी?
गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि अणूंचे पुंजभौतिक यांचा मेळ अजून बसलेला नाही. वेगवेगळे अणू वेगवेगळ्या गतीने खाली पडताना दिसले, तर नव्या भौतिकशास्त्राचा धागा सापडेल. २०२० मध्ये स्टॅनफर्डला रुबिडियमचे दोन प्रकारचे अणू १० मीटरच्या मनोऱ्यात सोडून हे तपासले. एक लाख कोटीत काही भाग इतक्या अचूकतेपर्यंत फरक आढळला नाही.

आपल्या मोबाइलशी याचा काय संबंध?
जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर नकाशावरचे ठिकाण दिवसाला सुमारे १० किलोमीटरने चुकेल.

भारत कुठे आहे?
आपल्या ‘नाविक’ यंत्रणेच्या पहिल्या उपग्रहातील तिन्ही आयात घड्याळे बंद पडली होती. त्यानंतर २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवले गेले. पुण्यातील ‘आयुका’ संस्थेत यटर्बियमच्या आयनावरील अधिक अचूक घड्याळावर काम सुरू आहे. अशी घड्याळे हाती आली, की आइन्स्टाइन यांची परीक्षा आपल्या डोंगरांवरही घेता येईल.