३३, ३३, ३४

दापोलीच्या आमच्या घराला लागूनच चाचींचं घर. मधे फक्त गडगा. संध्याकाळची मगरिबची नमाज संपताना चाची आधी उजवीकडे, मग डावीकडे मान वळवून सलाम फेरायच्या आणि मुसल्ल्यावर बसूनच दोन्ही हात ओंजळीसारखे उघडायच्या. तोवरचं सगळं अरबीत. पुढचं मात्र आमच्या बोलीत, "या अल्ला, माज्या पोराला बरा कर." पोरगा कुवेतला, इस्पितळात. मी दहा-अकरा वर्षांची होते. अल्लाला आमची बोली कळते याचं मला फार अप्रूप वाटलं. पाठ केलेले शब्द आणि पोटातून आलेली हाक यांचं नातं काय, हा प्रश्न त्या गडग्यापाशी माझ्यामागे लागला. पुढची कित्येक वर्षं मिळेल ते वाचत, मिळेल त्याला विचारत मी त्याच्याच मागे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. नमाज दिवसातून पाच वेळा, फर्ज म्हणजे सक्तीच्या रकाती (नमाजेची आवर्तनं) एकूण १७, प्रत्येकीत सात आयतांची सूरह फातिहा. शब्द, क्रम, भाषा सगळं ठरलेलं. दुआ म्हणजे मागणं. ती कधीही, कुठेही, कोणत्याही भाषेत करावी. नमाज पढूनही जे नमाजेबद्दलच बेफिकीर असतात त्यांना कुराणातल्या सूरह माऊनने कडक शब्दांत बजावलं आहे. एवढं पुरे, कारण मला जायचंय मदिनेतल्या एका घरात.

त्या घरात जातं आहे. दळून दळून हजरत फातिमांच्या हातांना घट्टे पडलेत. वडिलांकडे, म्हणजे पैगंबरांकडे, युद्धकैदी आल्याचं कानावर येतं, तेव्हा कामाला एखादं माणूस मागावं म्हणून त्या जातात. वडील भेटत नाहीत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांपाशी निरोप ठेवून त्या परततात. रात्री नवराबायको अंथरुणावर पडलेली असताना पैगंबर स्वतः दारात उभे. दोघं उठू लागतात, तर ते म्हणतात, पडून राहा. आणि दोघांच्या मधे येऊन बसतात. ही हकीकत सांगणारे फातिमांचे पती हजरत अली म्हणतात की पैगंबरांच्या पावलांचा गारवा मला छातीवर जाणवला. मग पैगंबर सांगतात, मागितलंत त्याहून चांगलं देतो. झोपताना सुभानअल्लाह ३३ वेळा, अलहम्दुलिल्लाह ३३ वेळा, अल्लाहू अकबर ३४ वेळा म्हणा.

तसबीह-ए-फातिमा ती हीच. शंभर मण्यांची माळ सरकताना पाहून आपण पटकन म्हणतो, यांत्रिक आहे झालं. मला ते पटत नाही. हा आकडा दळणाऱ्या हातांच्या घट्ट्यांतून आलाय. प्रवचनात ही गोष्ट बहुधा सबुरीचा धडा म्हणून सांगतात. माझं मन मात्र दरवेळी त्या गार पावलांपाशी थांबतं. लेकीने माणूस मागितलं आणि मिळाले शब्द, हे खरं. पण ते शब्द द्यायला बाप रात्री चालत आला आणि अंथरुणावर बसला. जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही असं मानणाऱ्या मुलखात वाढल्यामुळे असेल, मला यात परकं काहीच वाटत नाही. माझी आजीही दळताना मोजून चार ओव्या देवाला घालायची. त्या पाठच होत्या, तरी तिचा आवाज रोज वेगळा लागायचा.

हजरत अलींनी ही तसबीह पुढे कधी चुकवली नाही. कुणीतरी विचारलं, सिफ्फीनच्या रात्रीही नाही? सिफ्फीन म्हणजे ६५७ साली फुरात नदीकाठी मुसलमानांची मुसलमानांशीच झालेली लढाई. ते म्हणाले, त्या रात्रीही नाही. अशा रात्री स्वतःचे शब्द कुठून आणणार? तेव्हा पाठ असलेलंच धावून येतं.

याउलटचं टोक म्हणजे इमाम गझाली. १०९५ साली ते बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते, कीर्ती शिगेला पोचलेली. आणि एक दिवस वर्गात जीभच उचलेना. अन्न जाईना, हकीम हरले. इतकी विद्या तोंडपाठ असलेला माणूस निव्वळ असहाय होऊन अल्लाकडे वळला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. अशा अगतिक माणसाला मुज्तर म्हणतात आणि त्याची हाक ऐकली जाते असं कुराण सांगतं. गझालींनी बगदाद सोडलं. पुढे 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथात त्यांनी नमाजेचा प्राण कशात ते सांगितलं, तो हुजूर-ए-कल्बमध्ये, म्हणजे मन जागेवर असण्यात.

बुखारींच्या संग्रहातल्या गुहेच्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या कथनात, तर ठरलेली दुआच नाही. तिघे गुहेत शिरतात, दरड कोसळून तोंड बंद होतं. प्रत्येक जण निखळ मनाने केलेलं एकेक काम अल्लापुढे ठेवतो. पहिला सांगतो, म्हातारे आईबाप झोपले होते म्हणून दुधाचं भांडं हातात धरून मी पहाटेपर्यंत उभा राहिलो. दगड थोडा सरकतो. तिसऱ्याचं सांगून होतं तेव्हा वाट मोकळी होते.

चाचींचा पोरगा इस्पितळात होता त्या दिवसांतली एक संध्याकाळ मी विसरलेले नाही. कुवेतहून फोन यायचा होता. चाची माळ ओढत होत्या आणि मधेच थांबल्या. अंगठा आणि तर्जनीत एक मणी धरलेला, ओठ मिटलेले, डोळे भिंतीवर. मी गडग्यावर बसून होते. अंधारलं, इशाची अजान झाली. चाचींनी पदर सारखा केला, सोडला नव्हता त्याच मण्यावरून पुढे म्हणायला लागल्या.