मुसळधार पाऊस आणि ईदचा चांद

इंग्रजीत जोराच्या पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणतात, हे ऐकून मुलं हसतात. आकाशातून कुत्री-मांजरं कशी पडतील? पण आपण ‘मुसळधार पाऊस’ म्हणतो, उर्दूत ‘मूसलाधार बारिश’ म्हणतात. तेव्हा येरमाळ्याच्या कुणाच्या अंगणात मुसळं पडलेली दिसतात? मराठीत ज्याला वाक्प्रचार आणि उर्दूत मुहावरा म्हणतात, त्याचा अर्थ शब्द जोडून लागत नाही. तो रूढीने ठरतो. इंग्रजीतही तसंच आहे.

आपल्या मुलांना इंग्रजी वाक्प्रचारांची धास्ती वाटते. पाठ केलेले अर्थ परीक्षेनंतर विसरतात. खरं तर घरात उर्दू किंवा दखनी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाकडे दोन किल्ल्या आधीच असतात.

‘पीस ऑफ केक’ म्हणजे अगदी सोपं काम. मराठीत डाव्या हाताचा मळ, उर्दूत बायें हाथ का खेल. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ म्हणजे गुपित उघड करणे. मराठीत बिंग फोडणे, उर्दूत भांडा फोडना. ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’ ही म्हण. आपल्याकडे नाचता येईना अंगण वाकडे. उर्दूतही अंगणच वाकडं, ‘नाच न जाने आंगन टेढा’.

‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचित कधीतरी. इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात. ३१ ऑगस्ट २०२३ ला तशी पौर्णिमा होती. हिजरी महिना मात्र चंद्रदर्शनाने सुरू होतो आणि २९ किंवा ३० दिवसांचा असतो, म्हणून त्यात दोन पौर्णिमा येतच नाहीत. उर्दूने दुर्मीळपणासाठी दुसरा चंद्र निवडला. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्याला आपण म्हणतो, ‘तुम तो ईद का चांद हो गए!’ मराठीत अशा माणसाला उंबराचं फूल म्हणतात. फरक एवढाच, की इंग्रजी वाक्प्रचार घटनेबद्दल बोलतो, आपले दोन्ही बहुधा माणसाबद्दल.

अर्थाबरोबर जागाही शिकवावी लागते. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. पण तो थट्टेचा प्रयोग आहे. कुणाच्या इंतकालाच्या पत्रात तो लिहिला तर घरच्यांचं मन दुखावेल. तिथे ‘पास्ड अवे’च हवं.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. त्याच्याही कितीतरी आधी फारसी शब्द मराठीत मुरले होते. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला, तो त्यामुळेच. ‘शेखी मिरवणे’, ‘खजील होणे’ हे म्हणताना कुणाच्या मनात परकेपणा येत नाही. म्हणून ‘घरात उर्दू बोलू नका, इंग्रजी बिघडेल’ हा सल्ला आम्हां शिक्षकांना पटत नाही. दादीची बोली तोडली, तर मुलाच्या हातातली एक किल्लीच जाते.

पालकांनी एवढं करावं. एका वहीत तीन रकाने आखावेत: इंग्रजी, मराठी, उर्दू. रोज रात्री जेवणानंतर एकच वाक्प्रचार घ्यावा. इंग्रजी मुलाने सांगावा, मराठी अम्मी-अब्बांनी, उर्दू दादी-नानीने. मग तिन्हींचं एकेक वाक्य मुलाने स्वतः बनवावं. एखाद्या दिवशी उर्दूचा रकाना रिकामा राहिला, तर शेजारच्या बुजुर्गांकडे मुलालाच पाठवावं.